एका कागदाने अडणारा अल्फा कण

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या जिन्यातली, धूर झाल्यास सूचना देणारी जुनी यंत्रे बदलायची ठरली, तेव्हा एक यंत्र उतरवताना त्याच्या पाठीवर तीन पात्यांची किरणोत्साराची खूण आणि ‘अमेरिसियम-241’ हे शब्द दिसले. संध्याकाळपर्यंत त्याचे छायाचित्र सगळ्यांच्या फोनवर पोहोचले. त्यामागोमाग स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटाही किरणोत्सारी असतो असे सांगणारा, अधूनमधून फिरत राहणारा जुना संदेशही येऊन थडकला. बैठकीत शेजारच्या काकूंनी मला विचारलेला प्रश्न अगदी नेमका होता : “हे इतकी वर्षे आमच्या डोक्यावर होते. आता आम्हाला काय होईल?” त्याचे उत्तर ‘काही होणार नाही’ असे आहे. परंतु ‘का होणार नाही’ हे समजायचे तर अल्फा कण म्हणजे काय, तो अणूतून बाहेर कसा पडतो आणि बाहेर पडल्यावर किती दूर जातो, हे पाहावे लागते. ते पाहिले की हाच कण वेगळ्या जागी असताना फार मोठे नुकसान कसे करू शकतो, तेही कळते. म्हणून हा लेख लिहिताना घाबरवणे आणि निर्धास्त करणे या दोन्ही गोष्टी मी टाळल्या आहेत.

चौघांची जुडी

कोणत्याही अणूच्या मध्यभागी अणुकेंद्र असते आणि त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन असतात. अणुकेंद्रात दोन प्रकारचे कण असतात : धन विद्युतभार असलेले प्रोटॉन आणि कोणताही भार नसलेले न्यूट्रॉन. प्रोटॉन किती आहेत यावरून मूलद्रव्य ठरते. 92 असतील तर युरेनियम, 82 असतील तर शिसे, दोनच असतील तर हीलियम. नावापुढचा आकडा, म्हणजे युरेनियम-238 मधला 238, हा प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकत्रित संख्या सांगतो.

काही जड अणुकेंद्रे बाहेरून कोणी धक्का न देताच, आपणहून, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांची एक घट्ट बांधलेली जुडी बाहेर फेकतात. ती जुडी म्हणजे अल्फा कण, आणि या घटनेला अल्फा ऱ्हास म्हणतात. मागे राहिलेल्या केंद्रातले दोन प्रोटॉन कमी झाल्यामुळे ते मूलद्रव्यच बदलते. युरेनियम-238 चे थोरियम-234 होते, अमेरिसियम-241 चे नेप्च्युनियम-237 होते. ‘अल्फा’ या नावात कोणताही गूढ अर्थ नाही. 1899 मध्ये अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी युरेनियममधून निघणाऱ्या किरणांचे दोन प्रकार वेगळे केले. पातळ पत्र्याने सहज अडणाऱ्या प्रकाराला त्यांनी ग्रीक वर्णमालेतले पहिले अक्षर दिले आणि अधिक आरपार जाणाऱ्याला दुसरे, म्हणजे बीटा. बीटा कण म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, हे पुढे कळले. गॅमा किरण हा प्रकाशाच्याच जातीचा, पण फार अधिक ऊर्जेचा तिसरा प्रकार नंतर सापडला.

सूर्यातली पिवळी रेषा आणि काचेची नळी

अल्फा कण म्हणजे हीलियमचे अणुकेंद्र, हे वाक्य पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते. पण ते सिद्ध कसे झाले, ही हकिगत मराठी वाचकाने सविस्तर ऐकण्यासारखी आहे, कारण तिचे एक टोक आपल्या बाजूला आहे. 18 ऑगस्ट 1868 रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. विजयदुर्ग किल्ल्याचे नाव आपल्याकडे या ग्रहणाशी आणि हीलियमच्या शोधाशी जोडले जाते, आणि तिथले ‘साहेबाचे ओटे’ पर्यटकांना आजही दाखवले जातात. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी हे ग्रहण गुंटूरहून पाहिले. सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून पाहताना एक पिवळी रेषा आढळली, आणि ती पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनीही ती रेषा पाहिली आणि ही एखाद्या नव्या मूलद्रव्याची खूण असावी असे सुचवले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या मूलद्रव्याला हीलियम हे नाव मिळाले.

पुढची सत्तावीस वर्षे हीलियम फक्त सूर्यात होते. 1895 मध्ये विल्यम रॅम्से यांना ते पृथ्वीवर सापडले, आणि सापडले ते युरेनियम असलेल्या एका खनिजात. दगडाच्या आत वायू अडकून बसलेला होता. तो तिथे आला कुठून, याचे उत्तर रदरफोर्ड आणि त्यांचे सहकारी रॉइड्स यांनी मँचेस्टरमध्ये केलेल्या आणि 1909 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दिले. अल्फा कण फेकणारा रेडॉन वायू त्यांनी काचेच्या एका नळीत भरला. त्या नळीची भिंत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ होती. रेडॉन वायू तिच्यातून बाहेर येऊ शकत नव्हता, पण वेगाने सुटलेले अल्फा कण येऊ शकत होते. बाहेरच्या मोठ्या नळीतली हवा काढून टाकलेली होती. काही दिवसांनी बाहेरच्या नळीत विजेचा झोत सोडला, तेव्हा तिथे तीच पिवळी रेषा चमकली. अल्फा कणांनी वाटेत प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन उचलले होते आणि त्यांचा साधा हीलियम वायू झाला होता. माझ्या मते विसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांत याची गणना व्हायला हवी. यंत्रसामग्री म्हणाल तर मुख्यतः एका कुशल कारागिराने फुंकलेली काच.

याचा एक परिणाम आपल्या अगदी जवळ येऊन पोहोचतो. पृथ्वीवर आज उपलब्ध असलेला हीलियम जवळजवळ सगळा खडकांतल्या युरेनियम आणि थोरियमच्या अल्फा ऱ्हासातून कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे, आणि तो नैसर्गिक वायूबरोबर जमिनीतून काढला जातो. एमआरआय यंत्रातले चुंबक उणे 269 अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवण्यासाठी द्रवरूप हीलियम लागतो. पुण्यातल्या एखाद्या रुग्णालयात आपण एमआरआयसाठी त्या बोगद्यासारख्या यंत्रात पडून राहतो, तेव्हा आपल्याभोवतीच्या टाकीत एके काळचे अल्फा कण असतात. मग ते किरणोत्सारी नसतात का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ते नसतात. वेग गमावलेला आणि दोन इलेक्ट्रॉन मिळालेला अल्फा कण हा हीलियमचा पूर्णपणे स्थिर अणू असतो, आणि त्याच्या उगमाची कोणतीही खूण त्याच्यात राहत नाही.

जमाखर्च जुळतो म्हणून

अणुकेंद्र आपला एक भाग बाहेर का टाकते? केंद्रात दोन बले एकमेकांविरुद्ध काम करतात. सर्व प्रोटॉन धनभारित असल्यामुळे प्रत्येक प्रोटॉन दुसऱ्या प्रत्येक प्रोटॉनला दूर लोटतो. याउलट केंद्रीय बल सगळ्या कणांना एकत्र बांधते, पण त्याची पोच फार आखूड आहे. वाड्यात राहणाऱ्या माणसाचा हात शेजारच्या दोन-चार बिऱ्हाडांपर्यंत पोहोचावा, त्याचे भांडण मात्र वाड्यातल्या प्रत्येकाशी असावे, तशी ही स्थिती आहे. वाडा लहान असतो तोवर शेजाऱ्यांचा आधार पुरतो. युरेनियमसारख्या 92 प्रोटॉनांच्या वाड्यात मात्र भांडणाऱ्या जोड्यांची संख्या 4,186 होते आणि आधार अपुरा पडू लागतो. म्हणूनच 83 प्रोटॉनांच्या बिस्मथच्या पुढचे एकही मूलद्रव्य स्थिर नाही. बिस्मथ-209 सुद्धा अत्यंत मंद गतीने अल्फा कण टाकतो, हे 2003 मध्ये प्रयोगाने दिसून आले. त्याची गती इतकी मंद आहे की विश्वाच्या आजच्या वयाच्या शंभर कोटी पटींहून अधिक काळ गेला, तरच त्यातला निम्मा संपेल.

पण मग एकटा प्रोटॉन का बाहेर पडत नाही, चौघेच का? इथे अगदी घरगुती जमाखर्च मांडता येतो. अणूंच्या जगात ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या लहानशा एककात मोजतात. रासायनिक बंध तोडायला त्यातली दोन-चार एकके पुरतात. युरेनियम-238 मधून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन सुटे करून काढायचे तर सुमारे 2 कोटी 40 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्च येतो. पण हे चौघे एकमेकांशी जुडी बांधतात तेव्हा 2 कोटी 83 लाख जमा होतात, कारण हीलियमचे केंद्र निसर्गातल्या सर्वांत घट्ट बांधलेल्या लहान रचनांपैकी एक आहे. शिल्लक राहतात सुमारे 43 लाख, आणि तीच शिल्लक अल्फा कणाचा वेग होऊन बाहेर येते. सुट्या प्रोटॉनच्या बाबतीत असा काही जमेचा रकाना नसल्यामुळे व्यवहार तोट्याचा होतो, आणि तो घडत नाही.

कात्रजचा घाट आणि नसलेला बोगदा

जमाखर्च जुळतो तर युरेनियम केव्हाच संपून जायला हवा होता. तो का संपला नाही, हा प्रश्न शास्त्रज्ञांना बराच काळ छळत होता. अडचण अशी की केंद्राच्या कडेला ऊर्जेची एक भिंत असते. केंद्रीय बलाचे आकर्षण आणि विद्युत प्रतिकर्षण यांच्यामधून ती उभी राहते, आणि युरेनियमच्या बाबतीत तिची उंची अडीच ते तीन कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात आहे. आतल्या अल्फा कणाकडे आहेत फक्त 43 लाख.

पुण्याहून साताऱ्याकडे सायकलने निघालेल्या माणसाची कल्पना करावी. त्याने पायडल मारणे थांबवले आहे, आणि आहे त्या वेगावर त्याला कात्रजचा घाट चढायचा आहे. तो पायथ्यापासून थोडा वर जाईल आणि मागे फिरेल. पुन्हा पुन्हा प्रयत्न केले तरी तो दर वेळी तितकाच चढेल. आपल्या रोजच्या अनुभवाच्या भौतिकशास्त्रात याला दुसरे उत्तर नाही. अतिसूक्ष्म कणांचे वर्तन सांगणाऱ्या पुंजयांत्रिकीत मात्र आहे. तिथे कण एखाद्या ठिपक्यासारखा एका जागी नसतो. तो कुठे सापडेल याची शक्यता लाटेसारखी पसरलेली असते, आणि ही लाट भिंतीपाशी एकदम थांबत नाही. भिंतीच्या आत ती झपाट्याने क्षीण होत जाते, पण भिंतीची जाडी मर्यादित असल्यामुळे तिचा अत्यल्प अंश पलीकडे उरतो. म्हणजे कण कधीतरी, फार क्वचित, पलीकडेच सापडतो. याला बोगदा परिणाम म्हणतात. 1928 मध्ये जॉर्ज गॅमो यांनी आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे गर्नी व काँडन या जोडीने अल्फा ऱ्हासाचे हे स्पष्टीकरण दिले.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. बोगदा हा शब्द ऐकला की कात्रजचा खरा बोगदा डोळ्यांपुढे येतो, आणि कोणीतरी भिंतीला भोक पाडले आहे असे वाटू लागते. भोक कोणी पाडलेले नाही, आणि भिंत जशीच्या तशी आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमही मोडलेला नाही, कारण कणाकडे आत असताना जितकी ऊर्जा होती तितकीच बाहेर आल्यावर असते. ही उपमा इथपर्यंतच चालते, त्यापुढे नाही.

किती क्वचित, याचा अंदाज आकड्यांनीच येतो. केंद्राच्या आत अल्फा कण भिंतीवर सेकंदाला सुमारे एकावर 21 शून्ये इतक्या वेळा आदळतो, असे ढोबळपणे मानले तर युरेनियम-238 मध्ये सरासरीने एकावर 38 शून्ये इतके प्रयत्न झाल्यावर एक यशस्वी होतो. भिंतीतून जाण्याची शक्यता कणाच्या ऊर्जेबाबत विलक्षण संवेदनशील असते, हे यातले सर्वांत महत्त्वाचे. पोलोनियम-212 मधून निघणाऱ्या अल्फा कणाची ऊर्जा युरेनियमच्या अल्फा कणाच्या जेमतेम दुप्पट आहे. पण युरेनियम-238 निम्मा व्हायला 447 कोटी वर्षे लागतात, तर पोलोनियम-212 निम्मा व्हायला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचाही सुमारे एक तृतीयांश पुरतो. ऊर्जा दुप्पट झाली की काळ एकावर 23 शून्यांहून अधिक पटींनी घटतो. ज्या सिद्धांताने ही प्रचंड तफावत एका हिशेबात बसवली, त्याच्यावर शास्त्रज्ञांचा विश्वास बसला यात नवल नाही.

अणुकेंद्र म्हातारे होत नाही

‘निम्मे व्हायला लागणारा काळ’ म्हणजे अर्धायुष्यकाल. हा शब्द फसवा आहे, कारण त्यामुळे दोन अर्धायुष्यकालांत सगळे संपेल असे वाटते. तसे होत नाही. हजार नाणी एकदम उडवावीत, छापा पडलेली सगळी बाजूला काढावीत आणि उरलेली पुन्हा उडवावीत. पहिल्या फेरीनंतर सुमारे पाचशे राहतील, दुसरीनंतर अडीचशे, तिसरीनंतर सव्वाशे. कोणते नाणे कधी बाद होणार हे कोणालाही सांगता येत नाही, पण गटाचा हिशेब मात्र पक्का असतो. एखादे नाणे पाच फेऱ्या टिकले म्हणून सहाव्या फेरीत त्याचा छापा पडण्याची शक्यता वाढत नाही. युरेनियमच्या केंद्राचेही तसेच आहे. पृथ्वीच्या जन्मापासून, म्हणजे सुमारे 454 कोटी वर्षे, टिकून राहिलेले केंद्र तितकेच ताजे असते.

तापवले, आम्लात टाकले, दाबाखाली ठेवले तर ऱ्हास लवकर होईल का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. नाही. आपण बाहेरून जे काही करतो त्याचा परिणाम अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर होतो, आणि गाभ्यातल्या त्या भिंतीला त्याची झळ पोहोचत नाही. किरणोत्सारी कचरा जाळून टाकता येत नाही, त्याचे कारणही हेच.

तुळशीबागेतून हातगाडी

आता काकूंच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिसियम-241 मधून निघणारा अल्फा कण सेकंदाला सुमारे सोळा हजार किलोमीटर वेगाने सुटतो. या वेगाने पुणे ते मुंबई हे अंतर एका सेकंदात शंभर वेळा पार करता येईल. तरीही तो हवेत साधारण चार सेंटिमीटर जाऊन थांबतो. वर्तमानपत्राचा एक कागद त्याला अडवतो. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थरही त्याला पुरेसा होतो.

असे का होते हे समजायला दिवाळीच्या आदल्या रविवारची तुळशीबाग आठवावी. त्या गर्दीत कोणी भरलेली हातगाडी जोरात ढकलत घुसवली, तर ती दोन्ही बाजूंच्या प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक मांडणीला धक्का देत जाईल आणि थोड्याच अंतरात अडकून पडेल. त्याच गर्दीतून सडपातळ मुलगा वाट काढत बराच पुढे जाईल, आणि वरून उडणारे कबूतर कोणालाही न शिवता पलीकडे पोहोचेल. अल्फा कण ही हातगाडी आहे, बीटा कण तो मुलगा आणि गॅमा किरण ते कबूतर. अल्फा कण इलेक्ट्रॉनपेक्षा सात हजार पटींहून जड असतो आणि त्याच्यावर दुप्पट भार असतो. वाटेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन तो ओरबाडत जातो. या ओरबाडण्याला आयनीभवन म्हणतात. पन्नास लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक अल्फा कण हवेत थांबेपर्यंत सुमारे दीड लाख अणू-रेणू असे विस्कटतो. कणाचा वेग कमी होत जातो तसतसा तो प्रत्येक अणूजवळ अधिक वेळ रेंगाळतो, त्यामुळे सर्वाधिक मोडतोड त्याच्या प्रवासाच्या अगदी शेवटी होते. विल्यम ब्रॅग यांना हे 1904 मध्ये रेडियमच्या अल्फा कणांवर काम करताना आढळले.

धूर ओळखणारे ते यंत्र याच गुणावर चालते. त्यात सुमारे एक मायक्रोग्रॅमच्या तिसऱ्या भागाइतके अमेरिसियम असते. ते सेकंदाला साधारण 37 हजारांपर्यंत अल्फा कण सोडते, आणि त्यांच्यामुळे दोन पट्ट्यांमधली हवा किंचित विद्युतवाहक बनून तिच्यातून अगदी क्षीण प्रवाह वाहतो. धुराचे कण आत शिरले की ते भारित अणूंना चिकटवून घेतात, प्रवाह घटतो आणि घंटा वाजते. हे सगळे त्या डबीच्या आत घडते. अमेरिसियमसोबत थोडे क्षीण गॅमा किरणही निघतात हे खरे आहे, पण छताच्या अंतरावर त्यांचे प्रमाण नगण्य असते. जुने यंत्र फोडू नये, जाळू नये, मुलांच्या हाती देऊ नये आणि कचऱ्यात न टाकता पुरवठादाराकडे परत करावे, एवढी काळजी मात्र खरोखर घ्यायला हवी. नव्या यंत्रांत बहुधा प्रकाशाच्या किरणावर चालणारी पद्धत असते, आणि तिच्यात किरणोत्सारी द्रव्य नसते.

या कणाने चंद्रावरही काम केले आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-3 च्या प्रज्ञान रोव्हरवरील एका उपकरणात अल्फा कण सोडणारे क्युरियम-244 होते. त्याचा मारा मातीवर केल्यावर मातीतल्या मूलद्रव्यांनी आपापल्या ओळखीचे क्ष-किरण सोडले आणि त्यांवरून मातीतले घटक कळले.

बाहेरचा आणि आतला

कागदाने अडणारा कण निरुपद्रवीच म्हणायचा का? तो शरीराबाहेर असेल तर जवळजवळ तसाच. तो शरीराच्या आत सुटला तर मात्र हिशेब उलटा होतो. पेशीसमूहात त्याची पोच मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास, म्हणजे काही मोजक्या पेशींइतकी असते. त्याची सगळी ऊर्जा त्या मोजक्या पेशींवरच खर्च होते. तिथे मृत त्वचेचा थर नसतो. डीएनएच्या दोन्ही धाग्यांना एकाच जागी तोडणे हातगाडीला सहज जमते, आणि दोन्ही धागे तुटले की पेशीला दुरुस्ती फार अवघड जाते. म्हणून किरणोत्साराची जैविक हानी मोजताना अल्फा कणांना गॅमा किरणांच्या वीस पट वजन दिले जाते. कोणत्याही किरणोत्सारी वस्तूबद्दल ऐकले की ती कोणता कण सोडते, किती सोडते आणि ती माझ्या शरीराबाहेर आहे की आत, एवढे तीन प्रश्न विचारावेत, असे मी सर्वांना आवर्जून सांगतो. ‘किरणोत्सारी आहे की नाही’ या एकाच प्रश्नाने काहीच कळत नाही.

2006 मध्ये लंडनमध्ये माजी रशियन गुप्तहेर अलेक्झांडर लित्विनेन्को यांचा मृत्यू पोलोनियम-210 पोटात गेल्यामुळे झाला. असे विष बंद कुपीत असते तोवर त्याचे अल्फा कण कुपीच्या भिंतीबाहेर येऊ शकत नाहीत. तेच विष पोटात गेल्यावर त्याला अडवणारे काहीही उरले नाही. तंबाखूच्या पानांतही पोलोनियम-210 अत्यल्प प्रमाणात असते आणि धुराबरोबर ते फुप्फुसात जाते. तंबाखूच्या अनेक अपायांपैकी हा एक आहे, तो एकमेव नाही.

ग्रॅनाइटचा ओटा आणि पुण्याचा काळा दगड

ग्रॅनाइटमध्ये दहा लाख भागांत साधारण तीन-चार भाग युरेनियम असतो, त्यामुळे तो संदेश शब्दशः खोटा नाही. पण ओट्याच्या आत खोलवर निघणारे अल्फा कण दगडातच अडतात, आणि पृष्ठभागावरून सुटणारे हवेत काही सेंटिमीटरांत संपतात. ओट्यावर पोळ्या लाटण्याने काहीही होत नाही.

खरी विचार करण्यासारखी गोष्ट आहे रेडॉन. युरेनियम-238 च्या ऱ्हासातून बनणारे मूलद्रव्यही स्थिर नसते, त्याचाही ऱ्हास होऊन पुढचे बनते. ही साखळी शिशापाशी थांबेपर्यंत आठ अल्फा कण बाहेर टाकते, आणि तिच्या मध्ये रेडॉन-222 हा वायू येतो. बाकीचे दुवे दगडात बसून राहतात. हा मात्र वायू असल्यामुळे फटींतून घरात येऊ शकतो, मुख्यतः जमिनीतून. त्याचा अर्धायुष्यकाल 3.8 दिवसांचा असतो. श्वासातला बहुतेक रेडॉन पुन्हा बाहेर टाकला जातो, पण हवेत त्याच्या ऱ्हासातून तयार झालेले पोलोनियमचे अणू धुळीला चिकटून फुप्फुसात बसतात आणि तिथे अल्फा कण सोडतात. जागतिक आरोग्य संघटना फुप्फुसाच्या कर्करोगाच्या महत्त्वाच्या कारणांत धूम्रपानानंतर रेडॉनचा उल्लेख करते, आणि घरातल्या एक घनमीटर हवेत सेकंदाला शक्यतो 100 पेक्षा अधिक रेडॉन अणूंचा ऱ्हास होऊ नये असे सुचवते. धूम्रपान करणाऱ्याला हा धोका कित्येक पटींनी अधिक असतो.

पुणे ज्या काळ्या पाषाणावर उभे आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट आहे, आणि त्यातले युरेनियम साधारणपणे ग्रॅनाइटच्या तुलनेत बरेच कमी असते. आपल्या घरांच्या खिडक्याही वर्षातला बराच काळ उघड्या असतात. काचा लावून दिवसरात्र वातानुकूलन चालणाऱ्या तळमजल्यावरच्या खोल्या आणि तळघरांतली कार्यालये यांचा विचार वेगळा करावा लागतो. तिथेही उपाय साधाच आहे. हवा खेळती ठेवावी आणि जमिनीतल्या भेगा बुजवाव्यात.

रेडियम, हाडे आणि औषध

नंबरप्लेटवर ‘रेडियम’ लावून देणारी दुकाने पुण्याच्या प्रत्येक मोठ्या रस्त्यावर आहेत. त्या चकाकत्या पट्टीत रेडियमचा एक अणूही नसतो, ती फक्त दिव्याचा प्रकाश परत फेकते. हे नाव राहिले आहे ते जुन्या घड्याळांवरून, कारण त्यांच्या काट्यांना खरोखरच रेडियम मिसळलेला, अंधारात चमकणारा रंग असे. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या काळात तरुण मुली हा रंग लावत, आणि कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरत. त्यांना तसे करायला शिकवलेले होते. रेडियमचे रासायनिक वर्तन कॅल्शियमसारखे असल्यामुळे शरीर त्याला हाडांत नेऊन ठेवते. रेडियम-226 चा अर्धायुष्यकाल 1,600 वर्षांचा आहे, म्हणजे तिथून तो माणसाच्या हयातीत जात नाही. त्यांच्या जबड्याची हाडे कुजली, काहींना हाडांचा कर्करोग झाला आणि अनेकींचा तारुण्यातच मृत्यू झाला. त्यांनी न्यायालयात दिलेल्या लढ्यामुळे कामगारांच्या संरक्षणाचे नियम घडायला मदत झाली. त्या मुलींविषयी वाचताना मला आजही स्वस्थ बसवत नाही, कारण तोवर किरणोत्साराचे अपाय शास्त्रज्ञांना पुष्कळसे माहीत झाले होते, आणि त्या मुलींना ते कोणी सांगितले नाही.

हाडांकडे जाण्याचा रेडियमचा हाच गुण आता औषध म्हणून वापरला जातो. पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हाडांत पसरला असेल तर काही रुग्णांना रेडियम-223 चे इंजेक्शन देतात. अमेरिकेत त्याला 2013 मध्ये मान्यता मिळाली. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे साडेअकरा दिवसांचा असल्यामुळे तो वर्षानुवर्षे साठून राहत नाही. कर्करोगाने पोखरलेल्या हाडात नवे हाड वेगाने बनत असते, तिथे तो कॅल्शियमच्या रांगेत शिरून बसतो आणि आपल्या साखळीतून चार अल्फा कण सोडतो. ते आसपासच्या मोजक्या पेशींना मारतात. हाडाच्या पोकळीतल्या, रक्त तयार करणाऱ्या मगजापर्यंत त्यांतले थोडेच पोहोचतात.

असे इंजेक्शन घेऊन घरी आलेल्या माणसाजवळ बसावे का, जेवावे का, असे घरचे लोक दबक्या आवाजात विचारतात. औषधातले अल्फा कण त्याच्या शरीराबाहेर येऊ शकत नाहीत. औषधाचा काही भाग शौचावाटे आणि थोडा लघवीवाटे बाहेर पडतो, म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस ते साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत, संडास वापरल्यावर पाणी भरपूर सोडावे, डाग पडलेले कपडे वेगळे धुवावेत आणि हात साबणाने नीट धुवावेत. त्याचे ताट वेगळे मांडण्याचे आणि त्याला बाजूच्या खोलीत एकट्याला निजवण्याचे काहीच कारण नाही.